राजधानी की बंदर

तपासणीच्या खोलीत पंखा नाही आणि तो कधी बसणारही नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी तराजूची दांडी हलते, म्हणून खिडक्या बंद आणि दार दुहेरी. अशा खोलीत सुट्टीच्या दुपारी घरातली सहा माणसं दाटीवाटीने बसली, तेव्हा आत्याने हातातल्या कागदाने वारा घ्यायला सुरुवात केली.

"कागद खाली ठेव," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आज कुठे काय तोलायचंय?"

"मग जमलोय कशाला?"

आत्याने कागद मांडीवर ठेवला. परदेशातल्या बँकेत उमेदीची सगळी वर्षं काढून परत आलेली बाई, पण या खोलीत वडिलांच्या एका वाक्यात तिची शाळकरी मुलगी होत असे. तिने शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे, म्हणजे काकाकडे पाहिलं. त्याने तोंड दाबून हसू आवरलं.

अण्णांच्या नातीने, भिंगरीने, आपला लॅपटॉप मधल्या काळ्या दगडी टेबलावर ठेवला. अण्णांनी नुसता घसा खाकरला. तिने तो उचलून मांडीवर घेतला. गरम वस्तू त्या दगडावर ठेवत नाहीत. वर काचेच्या पेटीत अण्णांच्या वडिलांनी बनवलेला दांडीचा तराजू असतो. आता घरच्या कारखान्यात बहुतेक इलेक्ट्रॉनिक काटे बनत होते, प्रयोगशाळांना आणि औषधांच्या कंपन्यांना जाणारे. तरी प्रत्येक काट्याची तपासणी याच खोलीत व्हायची, आणि ती तपासणी गेली काही वर्षं भिंगरी करत होती. आधी कॉलेजमधून येऊन, आणि गणिताची पदवी हातात पडल्यावर दिवसभर. लहानपणी एका जागी बसत नव्हती म्हणून हे नाव पडलं. पण या टेबलाशी तिला बसवलं की ती श्वाससुद्धा जपून घ्यायची.

"राजधानीची मुदत आज संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली, "बंदराची उद्या. म्हणजे जे काय ते आजच."

दोन परदेशी विद्यापीठांनी तिला फायनान्सला प्रवेश दिला होता. दोघांची नावं लांबलचक आणि उच्चारायला अवघड, त्यामुळे घरात एक झालं 'राजधानी' आणि दुसरं 'बंदर'. राजधानीचं नाव सगळ्या जगाला माहीत. आत्या तिथेच शिकलेली. अभ्यासक्रम एका वर्षाचा. बंदरातलं विद्यापीठ एका गोदीच्या गावात होतं, दोन वर्षांचं, आणि त्यातले सहा महिने एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम. त्याचं नाव सांगितलं की लोक "अच्छा" म्हणत आणि विषय बदलत.

"रीत सगळ्यांना माहीत आहे," अण्णा म्हणाले. "आधी आपापलं मत. मग चहा. मग पारडी फिरवायची."

रीत साधी होती. तराजू खरा आहे का हे एकदा तोलून कळत नाही. डावीकडचा माल उजवीकडे ठेवायचा, उजवीकडची वजनं डावीकडे, आणि पुन्हा बघायचं. काटा तिथेच राहिला तर दांडी खरी. सरकला तर दांडीची एक बाजू लांब आहे आणि पहिलं उत्तर दांडीने दिलं होतं, मालाने नाही. अण्णांच्या वडिलांनी हीच रीत घरातल्या भांडणांना लावली. आपली बाजू मांडून झाली की समोरच्याची बाजू तितक्याच ताकदीने मांडायची. कारखान्यामागच्या जागेचा वाद असाच मिटला होता. इलेक्ट्रॉनिक काट्यांकडे वळायचं हेही असंच ठरलं. काकाचं लग्नसुद्धा याच खोलीत दोन्ही बाजूंनी तोललं गेलं होतं, आणि हे काकूला कळल्यापासून ती या बैठकांना फिरकत नसे. आजही ती बहिणीकडे निघून गेली होती.

"मी सुरू करतो," काका म्हणाला. तो कारखान्याची विक्री सांभाळायचा, त्यामुळे सुरुवात नेहमी त्याचीच. "माझं मत राजधानी. का? नाव. बस्स. माल कितीही चांगला असू दे, पेटीवर नाव नसेल तर गिऱ्हाईक पेटी उघडत नाही. मी रोज बघतो. शिवाय हे बघा, त्यांनीच लिहिलंय, शिकून बाहेर पडणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना लगेच नोकरी."

"उत्तर देणाऱ्या शंभरातल्या," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे?"

"खाली बारीक अक्षरात आहे, काका. ज्यांनी त्यांच्या पाहणीला उत्तर पाठवलं त्यांच्यातले नव्वद. ज्यांना नोकरी नाही तो कशाला उत्तर पाठवेल?"

"बंदरवाले काय लिहितात?"

"तेही तसंच करतात. फक्त कितीजणांनी उत्तर दिलं नाही तेवढं सांगतात."

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. "माझ्याकडचे फोटो बघून म्हणशील, गावात सगळ्यांचेच हातपाय मोडलेत. जे धडधाकट आहेत ते माझ्याकडे येतातच कुठे?"

"वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"मी अजून बोलले नाही. चालू दे तुझं."

काकाचं झालं होतं. मग आत्या बोलली, आणि ती बोलायला लागल्यावर खोलीतली उष्णता जरा विसरायला झाली. तिने राजधानीतल्या त्या इमारती सांगितल्या, जिथे एका जिन्यावर तुम्हाला मोठ्या बँकेचा माणूस भेटतो आणि दुसऱ्या जिन्यावर सरकारचा सल्लागार. ग्रंथालयातले दिवे सांगितले. आजही कुठल्याही देशात गेलं तर तिथे शिकलेलं कुणीतरी भेटतं आणि पहिल्या चहातच ओळख निघते, हे सांगितलं. "आणि मी आहे ना," ती भिंगरीला म्हणाली. "माझ्या दोन मैत्रिणी अजून तिथेच आहेत. एकीच्या घरी वरची खोली रिकामी आहे. तुला विमानतळावर घ्यायला येईल. तुझं निम्मं काम मी इथूनच करून ठेवलंय."

भिंगरी हसली. तिचंही मत तेच होतं आणि तिने ते लपवलं नव्हतं. "मला मोठ्या ठिकाणी जायचंय," ती सरळ म्हणाली. "पैशाचं काम करायचं तर पैसा जिथे आहे तिथे. मला त्यात काही लाजण्यासारखं वाटत नाही."

"कुणी म्हटलं लाज?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही सगळे म्हणता, न बोलता. 'एवढं गणित शिकली आणि शेवटी पैशाच्या मागे.'"

"मी म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "एकदाच. आणि मागे घेतलं होतं."

"तुम्ही मागे घेतलेलंसुद्धा लक्षात राहतं, बाबा."

सगळे हसले. बाबांचं मत बंदर होतं. ते कमी बोलत आणि जे बोलत ते अगोदर तपासून घेतल्यासारखं. एका वर्षात काय शिकणार? गाडी सुरू होईपर्यंत उतरायची वेळ येते. बंदरात दोन वर्षं आहेत, पाया पक्का होईल. गाव लहान आहे, लक्ष विचलित व्हायला काही नाही. शिवाय प्रत्यक्ष काम. कारखान्यात आपण काय करतो? नव्या माणसाला आधी पेटीत हात घालू देतो, मग पुस्तक देतो.

सगळे मुद्दे रास्त होते. तरी आईला वाटलं, यात काहीतरी कमी आहे. रोज माणसांच्या आतले फोटो काढून तिला एक सवय लागली होती: जे दिसतंय त्यापेक्षा जे असायला हवं होतं आणि दिसत नाही, तिकडे आधी नजर जायची.

"चहा," अण्णा म्हणाले.

*

चहा बाहेर, बांधणीच्या जागेत. तिथे पंखा होता आणि भिंगरी सोडून सगळे त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. काका आणि आत्या खोक्यांच्या चळतीजवळ काहीतरी कुजबुजत होते. आईने कप नवऱ्याच्या हातात दिला.

"अहो, बंदरच का?"

"सांगितलं ना. दोन वर्षं."

"ते ऐकलं. दुसरं कारण?"

बाबांनी चहावर फुंकर घातली. समोर काचेच्या दारातून तपासणीची खोली दिसत होती. भिंगरी एकटीच आत थांबली होती आणि सवयीने काचेच्या पेटीचं झाकण पुसत होती. पुसताना तिचं मनगट टेबलाला टेकत नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांना आठवलं, ती शाळेत असताना एकदा म्हणाली होती, "बाबा, हा काटा खोटं बोलतोय," आणि खरंच एका पट्टीत नजरेला न दिसणारा बाक निघाला होता. त्यानंतर त्यांनी या टेबलासाठी दुसरं माणूस शोधलंच नाही.

"दुसरं कारण नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला फिरवून बोलायचंय आता. तेव्हा काय सांगाल?"

"बघू."

तिकडे आत्या काकाला विचारत होती, "तू बंदराची बाजू कशी मांडणार?"

"ताई, मी विक्रेता आहे. मला आत्ता ही खोकी विकायला सांग, आतला माल ठेवून घेऊन विकतो. तुझं काय?"

"माझं अवघड आहे रे."

"काय अवघड? दोन हलके मुद्दे टाक आणि बस. कुणाला कळतंय."

आत्याने कप विसळून पालथा घातला. तिच्या मनातही नेमकं तेच होतं.

*

पारडी फिरली. काका उठून उभाच राहिला.

"बंदर! मंडळी, बंदर म्हणजे काय? जगभरचा माल जिथे उतरतो ती जागा. राजधानीत पैशाच्या गप्पा, बंदरात पैशाचं वजन! इकडे नाव नाही म्हणता? अहो, नाव नाही म्हणून तर माल तपासून घेतात! जिथे नाव आहे तिथे कुणी तपासतच नाही!"

"दोन्हीपैकी खरं तुझं मत कुठलं रे?" आईने विचारलं.

काका खाली बसला. "वहिनी, खरं सांगू? आत्ता मलाही आठवत नाही."

अण्णांनी आत्याकडे पाहिलं. तिने सुरुवात केली. बंदरात हवा चांगली असेल. खर्च कमी. गर्दी कमी. प्राध्यापकांची ओळख लवकर होईल. समुद्र जवळ.

"हलकी वजनं टाकतेस," अण्णा म्हणाले.

"अण्णा—"

"तुझी बाजू मांडताना तू तासभर बोललीस. आता हवा आणि समुद्र सांगतेस. पोरीला फिरायला पाठवतोय का आपण?"

आत्याला राग आला होता, वडिलांचा नाही, त्या रीतीचा. आपल्याला जे सगळ्यांत जास्त आवडलं त्याच्याविरुद्ध बोलायचं, आणि तेही मन लावून. पण रीत मोडायची तर या खोलीतून उठून जावं लागलं असतं. ती भिंगरीकडे वळली.

"राजधानीत वर्ग सुरू झाले की किती दिवसांनी नोकरीच्या मुलाखती सुरू होतात, माहीत आहे तुला?"

"लवकर होतात, एवढं वाचलंय."

"लवकर म्हणजे सामान आवरून होत नाही तोवर. अजून तू एक ओळ शिकली नाहीस आणि समोरचा विचारतो, कुठल्या विभागात जायचंय? कर्जाच्या, शेअरच्या, सल्ल्याच्या? मला माहीत नव्हतं. माझ्या आधी एक मुलगी आत गेली होती, हुशार होती. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तू काय सांगितलंस? ती म्हणाली, शेअर. मीही आत जाऊन शेअर म्हणाले." आत्या किंचित हसली. "घेतलं मला. चांगली जागा, चांगला पगार. मी वाईट नव्हते त्या कामात. पण ते काम मी निवडलं नव्हतं. ते त्या मुलीने निवडलं होतं. बंदरात सहा महिने कामाला लावतात आणि तोंडावर अजून परीक्षा असते. काम आवडलं नाही तर परत येऊन सांगता येतं, मला हे नको. राजधानीत ते सांगायला वेळ नाही."

काकाने पायाची घडी सोडली.

"आता वजन पडलं," अण्णा हळूच म्हणाले. "दादा, तुझं."

घरात थोरल्या मुलाला अण्णासुद्धा दादाच म्हणत. बाबांनी हात मांडीवर पालथे ठेवले. त्यांना बोलायचं होतं राजधानीच्या बाजूने, आणि त्यांनी मनात जुळवलेली वाक्यं एकाएकी नकोशी झाली.

"ही या खोलीत सगळ्यांपेक्षा चांगली आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षासुद्धा. बरीच वर्षं झाली. माणूस बरीच वर्षं सगळ्यांपेक्षा चांगलं राहिलं की त्याची वाढ थांबते. इथे तिची चूक दाखवायला कुणी नाही. राजधानीत रोज तिला तिच्यापेक्षा हुशार माणसं भेटतील. पहिले काही महिने तिला रडू येईल. ते यायला हवं." ते थांबले. "आणि अजून एक. बंदराला मधे मोठी सुट्टी असते. मी पहिल्यांदा तेच पाहिलं होतं. ती सुट्टीत घरी येईल आणि या टेबलाशी बसेल, म्हणून मी बंदर म्हणत होतो. ते माझं कारण होतं. तिचं नव्हे."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. जे फोटोत दिसत नव्हतं ते आता दिसलं होतं. तिला त्यांचा एकदम अभिमान वाटला, आणि तो लपवायला तिने उगाच चष्मा पुसला.

"मग आता दादा राजधानी आणि ताई बंदर?" काका म्हणाला. "म्हणजे काटा होता तिथेच, माणसंच इकडची तिकडे गेली?"

"मी खरंच आता बंदर म्हणते," आत्या म्हणाली.

"आणि मी राजधानी," बाबा म्हणाले.

"दादा, तू एवढा मुद्देसूद बोलतोस हे मला आज कळलं."

"तू एवढं खरं बोलतेस हे मला आज कळलं."

"झालं!" काकाने कपाळावर हात मारला. "आता हे दोघं एकमेकांशी उलट्या बाजूंनी भांडणार."

अण्णांना मात्र हसू आलं नाही. त्यांच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. फिरवल्यावर एक बाजू हलकी पडायची आणि वाद संपायचा. दोन्ही वेळा निराळं उत्तर आलं तर दांडी सदोष, आणि खरं वजन दोन उत्तरांच्या मधे कुठेतरी, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण दोन विद्यापीठांच्या मधे तिसरं विद्यापीठ नसतं. असतो तो नुसता समुद्र.

"रीत इथे थांबली," ते म्हणाले. "पुढचं मला येत नाही."

हे वाक्य अण्णांच्या तोंडून या खोलीत कुणी ऐकलं नव्हतं.

*

भिंगरीची फिरवायची पाळी राहिली होती. ती मांडीवरच्या लॅपटॉपच्या झाकणावर बोटं वाजवत होती. आत्याचं बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं; शेअर म्हणणारी ती अनोळखी मुलगी तिला दिसत होती. बाबांच्या बोलण्याकडे तर तिला अजून बघवत नव्हतं.

"मी काय बोलू?" ती म्हणाली. "माझ्या दोन्ही बाजू तुम्हीच बोललात."

"मी अजून बोलले नाही," आई म्हणाली.

"बोल मग, वहिनी," आत्या म्हणाली. "तू कुठली?"

"मला विद्यापीठातलं कळत नाही. मला एक विचारायचंय. विद्यापीठ बाजूला ठेव, भिंगरे. चार-पाच वर्षं गेली. कामाचा दिवस आहे. सकाळी तू कुठल्यातरी ऑफिसात जाऊन बसलीस. काय करतेस तू तिथे?"

"फायनान्स."

"ते दारावरच्या पाटीवर असेल. खुर्चीत बसून काय करतेस?"

प्रवेशाच्या अर्जात हा प्रश्न होता आणि भिंगरीने त्याला दोन पानी झोकदार उत्तर लिहिलं होतं. आईसमोर त्यातलं एकही वाक्य टिकलं नसतं.

"माझ्यासमोर कुणीतरी एक आकडा ठेवतं," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे असं समज, एखादी बँक सांगते, या वर्षी आम्हाला एवढा फायदा होईल. सगळे त्या आकड्याकडे बघतात. मी बघत नाही. मी बघते की तो आकडा किती चुकू शकतो. कुठल्या बाजूला चुकेल. फार चुकला तर कुणाचं काय बुडेल. लोकांची आयुष्यभराची बचत असते ना त्यात. ती ज्या काट्यावर तोलतात तो काटा कुणीतरी तपासायला हवा." तिचा वेग वाढला. "त्याला जोखीम मोजणं म्हणतात. खोलीत सगळे खूश असतात तेव्हा एका माणसाने म्हणायचं, थांबा, हे बरोबर नाही. त्या माणसावर सगळे चिडतात. ते माणूस मला व्हायचंय."

"तुला ते जमेल," काका म्हणाला. "आत्ताच माझ्या नव्वद टक्क्यांची तू माती केलीस."

"आणि हे कुठे शिकवतात?" आईने विचारलं.

भिंगरीने लॅपटॉप उघडला, पण पडद्याकडे पाहिलं नाही. तिला ते पाठ होतं. राजधानीत जोखमीचा एकच विषय होता, ऐच्छिक, शेवटच्या सत्रात, मुलाखती उरकून गेल्यावर. बंदरात मात्र वर्षानुवर्षं जहाजांचे विमे उतरवले जात होते. कुठलं जहाज बुडेल हे सांगता येत नाही, पण किती बुडतील हे मोजावं लागतं. त्या गावाचा धंदाच तो. ते सहा महिने अशाच एखाद्या ऑफिसात जाणार होते. हे सगळं तिने महिन्यापूर्वीच वाचलं होतं आणि मागे सारलं होतं, कारण बंदराचं नाव सांगितल्यावर लोक विषय बदलत.

"बंदरात," ती म्हणाली.

"नक्की?" आत्याने विचारलं. "मी बोलले म्हणून नको हं. मी अर्धं रीत म्हणून बोलत होते."

"तू बोललीस म्हणून मी राजधानी निवडत होते, आत्या. तुझ्या मैत्रिणी, वरची खोली, सगळं तयार. त्या मुलीच्या मागून आत जाऊन मीही शेअर म्हणणार होते."

आत्याला हे लागलं. लागलं आणि त्याच क्षणी बरंही वाटलं. तिने हात पुढे करून भाचीचं मनगट दाबलं. "मैत्रिणीला सांगते, खोली दुसऱ्या कुणाला दे. पण सुट्टीत राजधानी बघायला जा. ते जिने तरी बघ."

"जाणारच. चढूनही बघणार."

"नाव नाही त्या विद्यापीठाला," काका पुटपुटला. "मी लोकांना काय सांगू?"

"सांगा, पुतणी जहाजं बुडवायला शिकतेय."

अण्णा पहिल्यांदा मोकळेपणी हसले, आणि काचेच्या पेटीतली दांडी थरथरली. त्यांनी घाईने तोंडावर हात धरला.

भिंगरीने राजधानीला नकार लिहिला. पाठवण्याआधी आत्याला वाचून दाखवला. आत्याने एक शब्द बदलायला लावला, "आभारी" आधी "मनापासून" घाल म्हणाली. मग बंदराचा होकार. एक खूण, एक सही, संपलं. एवढ्या सगळ्या दुपारचं काम एका बोटाने झालं, याचं काकाला फार नवल वाटलं.

बाबा उठले नव्हते. इतर बाहेर पंख्याखाली गेले, तरी ते टेबलाशी बसून होते. भिंगरी दाराशी थांबली.

"बाबा, म्हणजे तुमचं पहिलं मत झालं की. मोठी सुट्टी आहे. मी येईन. काटे साठवून ठेवा."

"नको."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सुट्टीत तिकडेच काम शोध," बाबा म्हणाले. "त्या विम्याच्या ऑफिसात विचार. घरी ये, आठवडाभर राहा, झोप काढ. या टेबलाशी बसायचं नाही. तू बंदर तुझ्या कारणाने निवडलंस. माझं कारण त्यात राहायला नको. उद्या मी या जागेसाठी माणूस बघतो. जाहिरात देतो."

भिंगरी टेबलाकडे बघत राहिली. ते आपलं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं, कारण ते आपलं नसेल असंही कधी वाटलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसली.

"मुलाखती मी घेणार."

"तू तर निघालीस."

"अजून दोन महिने आहेत. तुम्ही कुणालाही घ्याल, बाबा. कुणी नीट नमस्कार केला तरी घ्याल."

"मग काय विचारशील तू?"

तिने थोडा विचार केला. "त्याला एक चांगला काटा देईन आणि सांगेन, यात दोष आहे, शोध. दिवसभर बसवेन. संध्याकाळी जो येऊन म्हणेल, 'दोष काट्यात नाही, तुमच्या सांगण्यात आहे,' त्याला घ्यायचं."

"आणि कुणीच तसं म्हटलं नाही तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुढचा माणूस."

बाबांनी मान हलवली. खिशातून पेन काढलं, कागदासाठी इकडे तिकडे पाहिलं. आत्या वारा घेत होती तो कागद खुर्चीवर पडला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, 'पाहिजे', आणि पुढे काय लिहायचं म्हणून मुलीकडे पाहिलं.

"वय लिहू?"

"वय नको. शिक्षणही नको," भिंगरी म्हणाली. "लिहा, न घाबरता नाही म्हणणारं माणूस."

बाबांनी ते तसंच लिहिलं.